खाली बसणारे जनावर

भूगोलाच्या पुस्तकात अँडीज पर्वताचे प्रकरण येते तेव्हा लामा या जनावराच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ येते. उंटाच्या कुळातले, पण पाठीवर वशिंड नसलेले, लोकर देणारे आणि ओझे वाहणारे जनावर, एवढे सांगून शिक्षक पुढे सरकतो, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. आम्हांला मात्र वाटते की थांबायचे तर इथेच थांबावे. दीडशे किलोंच्या आसपास वजनाचा हा प्राणी पंचवीस-तीस किलो ओझे पाठीवर घेऊन निमूटपणे डोंगर चढतो. त्याहून जास्त लादले, किंवा तो दमला, की तो उधळत नाही, पळून जात नाही. तो सरळ खाली बसतो. ओढले तर फुत्कारतो, थुंकतो, लाथ झाडतो, पण उठत नाही. ओझे कमी केले की पुन्हा उभा राहून चालू लागतो. अँडीजच्या माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले आणि तेव्हापासून त्याच्या या बसण्याशी जुळवून घेतले. एका जनावराकडे भार न्यायचा असेल तर तो दहा जनावरांवर वाटायचा, ही रीत दयेतून आली की नाइलाजातून, हे ठरवण्याची गरज नाही. जनावराने 'नाही' म्हटले आणि माणसाला ते ऐकावे लागले, एवढे खरे.

हाच लामा आता आपल्या मुलखापासून दूर, इंग्लंड आणि वेल्सच्या खेड्यापाड्यांतही दिसतो. तिथल्या काही लहान शेतकऱ्यांनी त्याच्या जोरावर एक जोडधंदा काढला आहे. थोडे लामे पाळायचे, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्यांच्याबरोबर शेताच्या बांधांवरून, टेकड्यांवरून दोन-तीन मैल फिरवून आणायचे. लामावर कोणी बसत नाही. मोठ्या माणसाचे वजन त्याला झेपणारे नाही आणि झेपत नसलेले तो घेणार नाही. पाहुणा दोरी हातात धरून त्याच्या शेजारून चालतो. फार तर दुपारच्या जेवणाची पिशवी लामाच्या पाठीवर असते. चालतो पाहुणा, दमतो पाहुणा, आणि पैसेही पाहुणाच देतो.

हा धंदा वाटतो तितका सोपा नाही. लामा कळपात राहणारा प्राणी. एकटा ठेवला तर तो झुरतो, म्हणून पाहुणा एकच आला तरी चारा किमान दोघा-तिघांचा लागतो. फिरवण्यासाठी बहुधा खच्ची केलेले नर वापरतात. नखे वेळच्या वेळी कापावी लागतात. आणि एक गोष्ट तर मोठी विचार करण्याजोगी आहे. आईवेगळे नर पिल्लू बाटलीने दूध पाजून, माणसाच्या मांडीवर लाडाने वाढवले, तर मोठेपणी ते माणसाला आपल्याच जातीचा प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर चालून जाऊ शकते. म्हणून या धंद्यात प्रेमही थोडे अंतर राखून करावे लागते.

आमच्या गावात हे सांगितले की लोक हसतात. जनावराच्या शेजारून चालायचे पैसे? आमचे गाव माथेरानच्या पायथ्याशी आहे. आमच्या उर्दू शाळेतल्या काही मुलांचे वडील वर घोडा धरतात, कोणाचे चुलते, कोणाचे मामू. त्यांच्या हिशेबात जनावराची किंमत त्याच्या पाठीत असते. त्यांचे हसणे आम्हांला समजते. पण त्या हसण्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे, आणि या लेखात आम्हांला त्याच्याशीच झटायचे आहे. दुसऱ्या जिवाच्या मेहनतीवर जो आपली रोजी कमावतो, त्याने त्या जिवाचे 'नाही' कुठे आणि कसे ऐकायचे? आणि त्या 'नाही'ची किंमत कोणी मोजायची?

माथेरानची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना थंड हवेचे ठिकाण सापडले. 1907 साली नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली. ती बांधणारे अब्दुल हुसेन पीरभॉय आणि त्यासाठी पैसा घालणारे त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय, हे मुंबईचे बोहरी कुटुंब. (आमच्या मुलांना हे ठाऊक नसते. फलाटावर उभे राहून आम्ही ते दर सहलीला सांगतो.) गावात मोटारीला बंदी. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि बंदीला आणखी बळ आले. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, छोट्या गाडीने किंवा घोड्यावर. लाल मातीच्या त्या वाटेवर शेकडो घोडे राबतात आणि प्रत्येक घोड्यामागे एक घर आहे. अनेक घोड्यांमागे दोन घरे आहेत, एक मालकाचे आणि एक लगाम धरून चालणाऱ्या पोऱ्याचे.

घोड्याची अडचण अशी की तो खाली बसत नाही. शिकारी जनावरांच्या भीतीत वाढलेली त्याची जात. दुखणे दाखवणारा मागे पडतो आणि मागे पडणारा मारला जातो, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून तो दुखणे लपवतो आणि हाकले तर चालत राहतो. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार त्याच्या पाठीवर नसावा, असा एक सर्वसाधारण दंडक जाणकार सांगतात. लामाचा हिशेब काढून पाहिला तर तोही साधारण पाचव्या हिश्शाचाच येतो. म्हणजे दोन्ही जनावरांची कुवत एकाच मापाची. फरक एवढाच की लामा आपला हिशेब स्वतः सांगतो आणि घोड्याचा दुसऱ्या कोणीतरी सांगावा लागतो.

घोडा अगदीच बोलत नाही असे मात्र नाही. तसे म्हणणारा माणूस कधी घोड्याजवळ उभा राहिलेला नसतो. तंग आवळताना तो मान वळवून पोटाकडे पाहतो, कान मागे पाडतो, उतारावर पाऊल आखूड टाकतो, चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालून नुसताच उभा राहतो. खरारा करणाऱ्या हाताला हे सगळे कळते. आमच्या वर्गातला सातवीचा एक मुलगा दुरून चाल पाहून सांगतो की कोणत्या पायाची नाल सैल झाली आहे. त्याला अपूर्णांक जमत नाहीत. ज्ञान कशाला म्हणायचे, हा प्रश्न बी.एड.च्या पुस्तकांत आम्ही वाचला होता, त्याचे उत्तर आम्हांला या मुलाने दिले.

तेव्हा प्रश्न न कळण्याचा नाही. कळूनही ऐकता येण्याचा आहे. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी भारत सरकारचे 1965 चे नियम आहेत. तट्टूच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझे नको, दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नको. 37 अंशांहून जास्त उन्हाळा असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नको. नियम चांगले आहेत. पण शनिवारी दुपारी दस्तुरीवर पंचाण्णव किलोचा पाहुणा येऊन उभा राहतो, त्याच्या हातात पैसे असतात, आणि समोर लहान चणीचा, सकाळपासून चार फेऱ्या झालेला घोडा असतो. तिथे नियम वाचून दाखवणारा कोणी नसतो. तिथे फक्त घोडेवाला असतो.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांशी आम्ही याबद्दल बोललो. ते म्हणाले, "सर, मी नाही म्हटलं तर तो माणूस पायी जाईल असं तुम्हाला वाटतं का? तो मागच्या घोड्यावर बसेल. घोड्याचं ओझं काही कमी होणार नाही, फक्त माझ्या घरातलं पीठ कमी होईल." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि पीठ कमी झालं की चंदीपण कमी होते. ते तो घोडा जाणतो."

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार केला. नीतीच्या पुस्तकांत माणूस एकटा असतो. त्याच्यासमोर बरे आणि वाईट असे दोन रस्ते असतात आणि तो एक निवडतो. दस्तुरीवर माणूस एकटा नसतो, रांगेत असतो. एकट्याने दिलेला नकार महाग पडतो आणि निष्फळही जातो. सगळ्यांनी मिळून दिलेला नकार स्वस्त असतो आणि लागू पडतो, कारण मग पाहुण्याला जायला मागचा घोडाच उरत नाही. म्हणून जनावरावरची दया ही एकेका दिलदार माणसाची खासगी मालमत्ता आहे असे आम्हांला वाटत नाही. ती बिरादरीने मिळून ठरवायची गोष्ट आहे. वजनाचा काटा दस्तुरीवर सरकारने ठेवला तर लोक त्याला शिव्या देतील, घोडेवाल्यांनी स्वतः ठेवला तर पाहुणा मुकाट्याने त्यावर उभा राहील. अशी आमची समजूत आहे. काही जण तिला भाबडी म्हणतात.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की जनावराशी क्रूरपणे वागू नये, कारण त्याने माणसाचे मन निबर होते आणि मग तो माणसांशीही तसाच वागू लागतो. जनावराबद्दलचे कर्तव्य हे खरे तर माणसाबद्दलचेच कर्तव्य, फक्त वळसा घालून आलेले. यातला पहिला भाग आम्ही शाळेच्या मैदानावर रोज पाहतो. कुत्र्याला दगड मारणारा हात धाकट्या भावावरही उठतो. पण दुसरा भाग आम्हांला पटत नाही. बागेतल्या त्या उंटाची हदीस वाचकांना ठाऊक आहे. पैगंबर (स.) एका अन्सारीच्या बागेत गेले तेव्हा तिथला उंट त्यांना पाहून रडला. त्यांनी त्याला कुरवाळले, मालकाला बोलावले आणि सांगितले की हा तुझी तक्रार करतो आहे, तू याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस. तक्रार उंटाची होती आणि ती उंटाची म्हणूनच ऐकली गेली. मालकाचे मन निबर होईल, ही चिंता तिथे आलेली नाही.

आणि हुदैबियाचा प्रसंग तर आमच्या विषयाच्या फारच जवळचा. हिजरी 6 मध्ये उमऱ्याला निघालेला काफिला मक्केजवळ आला आणि पैगंबरांची (स.) सांडणी कसवा अचानक खाली बसली. लोक म्हणाले, कसवा अडून बसली, हट्टाला पेटली. पैगंबरांनी (स.) ते मानले नाही. तिची तशी सवय नाही, ज्याने हत्तीला रोखले त्यानेच हिलाही रोखले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे तिथेच तह झाला, वगैरे इतिहास सर्वांना माहीत आहे. वाझमध्ये हा प्रसंग तहासाठी सांगितला जातो. आमचे लक्ष मात्र त्या पहिल्या क्षणावर खिळते. जनावर बसले. भोवतालच्या लोकांनी त्याला 'हट्टी' हे नाव दिले. आणि एका माणसाने, जो त्या जनावराला रोज पाहत होता, सांगितले की याची ही सवय नाही, तेव्हा कारण दुसरे आहे, ते शोधा. जनावराच्या नकाराला आधी खोड समजायचे की आधी खबर समजायची, एवढाच यातला फरक आहे. पण या एका फरकावर सगळा धंदा चांगला की वाईट ते ठरते.

उर्दू वाचणाऱ्यांना या विषयावरचे एक जुने पुस्तकही जवळचे आहे. दहाव्या शतकात बसऱ्यात 'इख्वानुस्सफा' नावाने लिहिणाऱ्या मंडळींनी एक लांबलचक किस्सा रचला. जनावरे माणसांविरुद्ध जिन्नांच्या बादशहाकडे फिर्याद नेतात. 1810 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मौलवी इकराम अली यांनी त्याचा उर्दू तर्जुमा केला. माणसे म्हणतात, आमचा बांधा ताठ, आमची अक्कल मोठी, म्हणून आम्ही मालक आणि ही गुलाम. जनावरे एकेक दावा खोडून काढतात. वाचताना वाटते की आता निकाल फिरणार. पण शेवटी निकाल माणसाच्या बाजूने लागतो, आणि तो अकलेमुळे नव्हे. माणसाला आपल्या कर्माचा जाब द्यावा लागणार आहे आणि त्याच्यात सत्पुरुष होऊन गेले आहेत, म्हणून. विद्यार्थ्यांना हा शेवट रुचत नाही. आम्हांलाही तो पुरता रुचत नाही. पण त्यात एक मेख आहे. मालकी मिळाली ती जाब देण्याच्या अटीवर. जाब द्यायचा नसेल तर माणसाचा दावा तिथल्या तिथे पडतो.

प्रेमचंदांच्या 'दो बैल'मधल्या हिरा-मोतीचा धडा शिकवताना मुले नेहमी विचारतात की झुरीच्या सासरवाडीला त्या बैलांनी काम का केले नाही. काही मुले म्हणतात, खायला वाईट होते म्हणून. एखादाच म्हणतो, त्यांना विचारले नव्हते म्हणून.

आता एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलींची सहल माथेरानला नेली होती. एक मुलगी घोड्यावर बसायला घाबरली. रडण्याच्या बेतात आली. घोडेवाल्याने तिच्या हातात लगाम दिला, स्वतः पलीकडून चालू लागला, आणि ती पोर सगळी वाट घोड्याशी गप्पा मारत पायी चालली. मुक्कामाला पोहोचल्यावर तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला तो काढेचना. आम्ही ठरलेले भाडे पुढे केले. घोडेवाला घेईना. म्हणाला, "सर, घोड्यानं ओझं नाही उचललं. भाडं कसलं?" आम्ही म्हटले, "तुम्ही चाललात, घोडा चालला, तुमचा वेळ गेला, पोरीचं भय गेलं. हे कशाचं भाडं नाही का?" तो म्हणाला, "हे तर असंच होतं. असंच असलेल्याचे पैसे घेणं बरं नाही वाटत." शेवटी निम्म्यावर मिटले.

तो हरामाच्या भीतीने बोलत होता आणि त्या भीतीबद्दल आम्हांला आदर आहे. पण त्याचा हिशेब आम्हांला चुकीचा वाटतो. उजरत ही फायद्याची असते, आणि फायदा फक्त पाठीचा नसतो. इंग्लंडमधला तो शेतकरी सोबतीचे दाम घेतो आणि त्यात काही लबाडी नाही. जनावराला खाऊपिऊ घालून, शिकवून, शांत ठेवून, अनोळखी पोराच्या हाती देण्याजोगे करणे ही मेहनत आहे. उलट आम्हांला खटकते ते हे, की आपल्याकडे जनावराची सोबत फुकट धरली जाते आणि दमछाक तेवढी मोलाची धरली जाते. घोडा जितका जास्त पिळला जाईल तितका तो कमावतो, अशी रचना आपणच केली आहे.

अर्थात इंग्लंडच्या शेतकऱ्याचे उदाहरण घोडेवाल्यापुढे ठेवताना थोडी शरमही बाळगायला हवी. त्याच्याकडे बहुधा जमीन असते. लामा हा त्याचा जोडधंदा. पावसाने फेरी रद्द झाली तर त्याच्या घरी चूल विझत नाही. नकार देण्याची ऐपत ही फक्त मनाची नसते, ती पोटाचीही असते. 2020 साली मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. पाहुणे थांबले, छोटी गाडी थांबली, घोड्याची भूक थांबली नाही. मोटारीचे इंजिन बंद करून ताडपत्री टाकता येते, घोड्यावर ताडपत्री टाकता येत नाही.

मग यावर उपाय म्हणून हा धंदाच बंद करा, असे म्हणणारे आहेत आणि ते सगळे दुष्ट नाहीत. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितले. त्या घोड्यांचे तबेले कसे होते ते ज्यांनी पाहिले त्यांना निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. माथेरानलाही 2022 च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षा प्रयोग म्हणून आल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीचा भाता आम्ही चढावर जवळून ऐकला आहे. त्या आदेशाचा आम्हांला आनंद झाला. घोडेवाल्यांच्या संघटना मात्र विजेच्या रिक्षांविरुद्ध आणि वाटेवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकविरुद्ध न्यायालयात भांडत होत्या. ब्लॉकवरून घोड्याची नाल घसरते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पोटासाठी भांडणाराही खरे बोलू शकतो.

पण हातरिक्षा आणि घोडा यांत एक भेद आहे आणि तो आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या हाती विजेच्या रिक्षेचे हँडल देता येते. घोड्याच्या हाती काय देणार? घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, पाठ त्याच्या कितीतरी आधी थकते. ज्या दिवशी त्याची कमाई कायद्याने बंद होईल, त्या दिवसापासून तो एका गरीब घरातले न कमावणारे तोंड होईल, आणि गरीब घर त्याला विकेल. कोणाला विकेल, कोणत्या वीटभट्टीवर, कोणत्या वरातीत, ते बंदी मागणाऱ्याला दिसणार नाही. म्हणून धंदा ठेवायचा तर त्यात घोड्याच्या निवृत्तीचा पैसा भाड्यातच धरला पाहिजे, आणि बंद करायचा तर बंद करणाऱ्याने घोड्यांचा चारा आधी मोजून ठेवला पाहिजे. पाहुण्याला चार पैसे जास्त पडले तर पडू देत. पुढच्या वेळी तो निम्मी वाट पायी येईल.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी अलीकडे एक गोष्ट सुरू केली आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी ते घोड्यावर जीन घालत नाहीत. त्याला सावलीत बांधतात, खुरांतले खडे काढतात, आणि मुलगा शाळेतून आला की दोघे मिळून त्याला ओढ्यावर नेतात. आम्ही विचारले, सोमवारी पाहुणे नसतात म्हणून का? ते म्हणाले, "असतात थोडे. दोन फेऱ्या होतात सोमवारी." मग घोड्याच्या मानेवरची माशी हाकलत त्यांनी आम्हांला उलट विचारले की मुलाच्या अपूर्णांकांचे काय झाले.